खुले एपीआय छोट्या ब्रॉडबँड कंपनीला झेपतात का? चाचणीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

आमची कंपनी पश्चिम महाराष्ट्रात फायबर ब्रॉडबँड देते, क्लास बी (मधल्या श्रेणीच्या) इंटरनेट परवान्यावर. ग्राहकाच्या दारात जातो तो गावातला केबलवाला, म्हणजे एलसीओ. ग्राहकांची नोंद, बिलिंग, रेडियसवर (ग्राहकाचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) कनेक्शन चालू-बंद करणं आणि एलसीओंची आगाऊ पैशांची वॉलेटं हे सगळं एकाच व्हेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलंय. डेटाबेस आम्हाला उघडता येत नाही. प्लॅनमध्ये एक रकाना वाढवायचा तरी तिकीट टाकायचं आणि वाट बघायची. मार्चमध्ये करार संपतोय, त्याआधी ठरवायचंय की हाच करार पुढे न्यायचा, दुसरा व्हेंडर बघायचा, की एकेक तुकडा सुटा करून खुल्या मांडणीवर जायचं. या नोंदी तिसऱ्या पर्यायाच्या चाचणीच्या. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत; ती खुली असली की तुकडे सुटे करता येतात.

"खुली मांडणी" म्हणजे नेमकी कुठली, हे आधी ठरवावं लागलं. टेलिकॉममध्ये ही कल्पना नवी नाही. १९९८ मध्ये पार्ले गट स्थापन झाला, त्याचं काम थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ओएसए नावाने उचललं. ऑपरेटरच्या नेटवर्कमधलं कॉल कंट्रोल, लोकेशन, चार्जिंग हे बाहेरच्या अ‍ॅप्लिकेशनला एका गेटवेमधून द्यायचं, आणि तेही कॉर्बा या त्या काळच्या तंत्रावर. आज त्याच वाटेवर कॅमारा हा खुला प्रकल्प आहे, २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनकडे. सिम स्वॅप, नंबर व्हेरिफिकेशन, क्वालिटी ऑन डिमांड असे त्यातले एपीआय. कागदावर आकर्षक, पण आमच्याकडे मोबाइल कोअर नाही, सिम नाही. आमचं दुखणं घरातलं आहे: ऑर्डर, प्लॅन, वॉलेट, रेडियस. म्हणून टीएम फोरम (टीएमएफ) या टेलिकॉम उद्योगाच्या संघटनेचे ओपन एपीआय आणि सॉफ्टवेअरचे सुटे भाग, म्हणजे कंपोनंट, कसे जोडायचे याची त्यांची ओडीए मांडणी घेतली. एपीआयची वर्णनं गिटहबवर अपाची २.० परवान्याखाली आहेत, त्यामुळे सुरुवातीला पैसे लागत नाहीत.

यादीत हे घेतले: टीएमएफ६२० (प्रॉडक्ट कॅटलॉग), ६२२ (प्रॉडक्ट ऑर्डर), ६३३ (सर्व्हिस कॅटलॉग), ६४१ (सर्व्हिस ऑर्डर), ६३८ (सर्व्हिस इन्व्हेंटरी), ६५१ (अ‍ॅग्रीमेंट), ६५४ (प्रीपे बॅलन्स). सगळे व्ही४, म्हणजे चौथी आवृत्ती. व्ही५ आलाय, पण ज्या व्हेंडरांशी बोललो ते अजून व्ही४ च दाखवतात. आयपीडीआर (ग्राहकाच्या इंटरनेट वापराच्या नोंदी) आणि सेशन लॉग या कामातून बाहेर ठेवलेत. परवान्याच्या अटीप्रमाणे ते दोन वर्षं जपायचे असतात, तिथे प्रयोग नकोत. खऱ्या ग्राहकाची नावं, केवायसी काहीही चाचणीत येणार नाही, सगळा डेटा बनावट.

८ ऑक्टोबर

पडून असलेला सर्व्हर घेतला, वर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरचे अनेक आभासी सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर), त्यात एक व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, व्हीएमवर के३एस, म्हणजे कुबर्नेटिसची हलकी आवृत्ती. ओडीए कॅनव्हास, म्हणजे ओडीएचे कंपोनंट जिथे चालतात ते व्यासपीठ, कुबर्नेटिस या कंटेनर (बंदिस्त प्रोग्राम) सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच चालतो, दुसरा मार्ग नाही.

इस्टिओचा (सेवांमधली वाहतूक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) इनग्रेस, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, लावला तर त्याला बाहेरचा आयपीच मिळेना, "पेंडिंग" वर बसून राहिला. कारण साधं निघालं. के३एस स्वतःबरोबर ट्रॅफिक नावाचा इनग्रेस आणतो आणि तो ८० आणि ४४३ हे पोर्ट आधीच धरून बसतो. के३एस काढून "डिसेबल ट्रॅफिक" हा पर्याय देऊन परत टाकला, मग लगेच आयपी आला. चालू क्लस्टरमधून ट्रॅफिक उपटण्यात दुपार घालवू नका, नवीन टाकणं जलद होतं.

१० ऑक्टोबर

कॅनव्हासचा हेल्म चार्ट, म्हणजे कुबर्नेटिसवर टाकायचं तयार पॅकेज, टाकला. कीक्लोकचा (लॉगिन आणि अधिकार सांभाळणाऱ्या भागाचा) पॉड "इमेजपुलबॅकऑफ" मध्ये, म्हणजे त्याची इमेजच उतरेना. चार्ट ज्या भांडारातून कंटेनर इमेज ओढत होता, त्यांनी ऑगस्टअखेरीपासून मोफत मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्या वेगळ्या "लेगसी" पत्त्यावर हलवल्यात. व्हॅल्यूज फाइलमध्ये इमेजचा पत्ता बदलला, चाललं. पण त्या लेगसी इमेजना पुढे सुरक्षेचे अपडेट नाहीत. प्रयोगशाळेत ठीक, खऱ्या कामाला नाही. खुल्या गोष्टी कुणाच्या तरी सौजन्यावर उभ्या असतात, हे टेंडरच्या टिपणात लिहून ठेवलं.

मग नमुन्याचा प्रॉडक्ट कॅटलॉग कंपोनंट टाकला. नोड चालू, पण मॉंगोडीबी हा त्याचा डेटाबेस सारखा पडतोय. लॉगमध्ये एक अक्षर नाही. एक्झिट कोड १३२. मेमरी वाढवली, डिस्क बदलली, व्हॉल्यूम पुसून नव्याने केला, काही फरक नाही. १३२ म्हणजे १२८ अधिक ४, आणि चार नंबरचा सिग्नल "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" हे लक्षात आल्यावर कोडं सुटलं. मॉंगोडीबी ५ पासून पुढे प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स हा सूचनासंच लागतो. आमच्या सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये तो आहे, पण प्रॉक्समॉक्स व्हीएमला जो डीफॉल्ट सीपीयू दाखवतो त्यात नाही. व्हीएमचा सीपीयू प्रकार "होस्ट" केला, रीबूट, मॉंगो उभा. जुन्या सर्व्हरवर कुणी हे करत असेल तर पहिली तपासणी हीच करा.

१५ ऑक्टोबर

कॅनव्हास उभा राहिला. आठ जीबी रॅममध्ये मात्र भागत नव्हतं. इस्टिओ, कीक्लोक, सर्ट-मॅनेजर (सुरक्षा प्रमाणपत्रं सांभाळणारा) आणि कॅनव्हासचे स्वतःचे ऑपरेटर, म्हणजे कामं आपोआप करणारे प्रोग्राम, एवढ्यांनीच ती खाल्ली, आणि कॅटलॉग टाकला की मेमरी संपून काहीतरी "ओओएमकिल्ड" होणारच. सोळा दिल्यावर शांत झालं. रॅम विकत घ्यावी लागली, आणि सध्या भाव चढायला लागलेत.

मिळालं काय? कंपोनंट म्हणजे एक यामल (साध्या मजकुरातली सेटिंगची) फाइल. त्यात लिहायचं की मी कुठले एपीआय बाहेर देतो, कुठले दुसऱ्याकडून घेतो, सुरक्षेसाठी काय लागतं. ऑपरेटर ती वाचतो आणि रूट, कीक्लोकमधले रोल, सगळं स्वतः लावतो. कल्पना छान आहे. वीस-तीस कंपोनंट चार व्हेंडरांकडून घेणाऱ्या मोठ्या कंपनीला हे हवंच असेल. आमच्याकडे दोघंजण आहेत, त्यातला एक रात्री फायबर तुटलं की स्प्लायसिंगच्या टीमबरोबर फोनवर असतो. कॅनव्हासचा निर्णय नंतर. एपीआय त्याच्याशिवायही चालतात, ते आधी बघायचं.

दिवाळी आली. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही नेटवर्कवर कशालाही हात लावत नाही, प्रयोगशाळेलाही नाही.

२८ ऑक्टोबर

कॅटलॉग भरायला घेतला. इथे खरं काम सुरू झालं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये "प्लॅन" नावाची एकच गोष्ट आहे: नाव, वेग, किंमत, मुदत. टीएमएफमध्ये तिचे तुकडे होतात. काय विकतो ते प्रॉडक्ट स्पेसिफिकेशन, कुठल्या अटीवर विकतो ते प्रॉडक्ट ऑफरिंग, केवढ्याला ते ऑफरिंग प्राइस, आणि नेटवर्कने काय करायचं ते सर्व्हिस स्पेसिफिकेशन. पहिल्यांदा वैताग येतो. पण जुन्या यादीत शंभर एमबीपीएसचे कितीतरी प्लॅन होते, ते एका स्पेसिफिकेशनवर आणि वेगवेगळ्या ऑफरिंगवर आले तेव्हा कळलं की बरेचसे फक्त किमतीसाठी जन्माला आले होते. दोन तर कुणीच विकत नव्हतं. ऑफरिंगला लाइफसायकल आणि वैधतेच्या तारखा असतात, त्यामुळे कुठला प्लॅन कधी सुरू झाला हे आपोआप राहतं. नवा टॅरिफ सात कामकाजी दिवसांत ट्राय या दूरसंचार नियामकाला कळवावा लागतो, तेव्हा ही तारीख एका ठिकाणी असणं बरं.

३ नोव्हेंबर

अडलं ते एलसीओवर.

आमच्याकडे एकच प्लॅन प्रत्येक एलसीओला वेगळ्या दराने जातो. कुणाचा वाटा जास्त, कुणाचा कमी, कुणाशी जुना शब्द दिलेला. जुन्या सॉफ्टवेअरने त्यासाठी प्लॅनची प्रत काढली होती, म्हणून यादी फुगली. टीएमएफच्या मॉडेलमध्ये "एलसीओ" नावाची वस्तू नाही. तो ग्राहक आहे का? वॉलेट त्याचं, पैसे आम्हाला तो देतो, मग हो. विक्रेता आहे का? घरमालकाकडून पैसे तोच घेतो, मग तेही हो. पहिला प्रयत्न म्हणून त्याला "चॅनल" केलं. चॅनलला वॉलेट चिकटत नाही. मग "कस्टमर" केलं, तर घरातला ग्राहक त्याच्या पोटात गेला आणि कनेक्शन कुणाच्या नावावर आहे हेच पुसट झालं. केवायसीच्या दृष्टीने ते चालणारच नाही.

बिलिंग बघणाऱ्या काकांना फळ्यावर चौकोन काढून दाखवले. ते म्हणाले, "एवढं कशाला? माझ्याकडे प्रत्येकाचा करारनामा आहे फायलीत. दर त्यात लिहिलाय." तेच उत्तर होतं. एलसीओ हा एक पक्ष, त्याच्या दोन भूमिका; दर ऑफरिंगवर नाही, तर टीएमएफ६५१ च्या अ‍ॅग्रीमेंटवर; आणि ऑर्डरमध्ये संबंधित पक्ष म्हणून घरमालक "ग्राहक" आणि एलसीओ "विक्रेता" अशा दोन नोंदी. वॉलेट ६५४ मध्ये विक्रेत्याच्या नावाने. प्लॅनच्या प्रती उडाल्या.

आतापर्यंतचा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष हाच वाटतो. प्रमाणित मॉडेल तुम्हाला उत्तर देत नाही, पण तुमच्या धंद्यात कुठली गोष्ट कुठे दडपून ठेवलीय ते वर काढतं. हे फळ्यावरचं काम कुठलाही व्हेंडर करून देणार नाही, आणि त्यात गेलेला वेळ सर्व्हरच्या कामापेक्षा कितीतरी जास्त आहे.

७ नोव्हेंबर

प्रॉडक्ट ऑर्डर आणि सर्व्हिस ऑर्डर या दोन सेवा स्वतः लिहिल्या. एपीआयच्या वर्णनावरून कोड बनवणाऱ्या ओपनएपीआय जनरेटरने सांगाडा काढला. त्याने एक खोडी केली: टीएमएफमध्ये "@टाइप" देऊन मूळ वस्तूला जादा रकाने जोडता येतात, पण जनरेटरने बनवलेल्या क्लासला ते ओळखीचे नसल्याने तो ते गुपचूप गाळतो. एरर नाही, लॉग नाही. ऑर्डर आली तेव्हा ओएनटीचा, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्याचा, सीरियल नंबर होता, डेटाबेसमध्ये नाही. जनरेट केलेले क्लास फक्त तपासणीला ठेवले, साठवताना आलेला जेसन (एपीआयमधून येणारा मजकूर) जसाच्या तसा ठेवतो.

शेजारच्या गावातल्या एका एलसीओच्या दुकानात चाचणीचं अ‍ॅप दिलं, वॉलेट खोटं. आप्पा धंद्यात केबलच्या काळापासून आहेत. रिन्यूचं बटण दाबलं, स्क्रीनवर आलं "ऑर्डर स्वीकारली". आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, स्वीकारली म्हणतंय, पण नेट कुठं चालू झालंय?" आणि परत दाबलं. वॉलेटमधून दोनदा पैसे गेले.

दोन गोष्टी. एक, टीएमएफ६२२ ला ऑर्डर दिली की २०१ (नोंद झाली) हा कोड येतो आणि स्थिती "अ‍ॅक्नॉलेज्ड" असते. म्हणजे मिळाली, झाली नाही. आमचं जुनं अ‍ॅप थेट "झालं" किंवा "नाही झालं" सांगायचं, लोकांना त्याची सवय. दोन, एकच ऑर्डर पुन्हा आली तर ती ओळखायची कशी हे प्रमाणात, म्हणजे टीएमएफच्या स्टँडर्डमध्ये, बंधनकारक नाही. एक्सटर्नल आयडी हा रकाना आहे, पण ऐच्छिक. आम्ही तो सक्तीचा केला: अ‍ॅप बटण दाबताना एक आयडी बनवतं, तोच आयडी परत आला तर नवी ऑर्डर न होता जुनीच उत्तरात जाते. वॉलेटचंही बदललं. ऑर्डर आली की ६५४ मधून रक्कम फक्त राखून ठेवायची, सर्व्हिस ऑर्डर "कम्प्लीटेड" झाली की कापायची, "फेल्ड" झाली की सोडायची. अ‍ॅपमध्ये "चालू करतोय" आणि "चालू झालं" असे दोन टप्पे दाखवले.

१२ नोव्हेंबर

सीटीके, म्हणजे टीएम फोरमची अनुरूपता तपासणारी चाचणी, चालवली. आतून न्यूमन हे एपीआय तपासणारं साधन चालतं, पत्ता द्यायचा, रिपोर्ट येतो. ६२० आणि ६३८ पास. ६२२ नापास: आम्ही सक्तीचा केलेला एक्सटर्नल आयडी सीटीकेच्या नमुना ऑर्डरमध्ये नव्हता, आणि प्रमाणात जे ऐच्छिक ते सक्तीचं केलं की चाचणी पडते. सक्ती गाभ्यातून काढून गेटवेवर, फक्त एलसीओ अ‍ॅपच्या रस्त्यावर लावली. मग पास.

त्याच संध्याकाळी पहिलं कनेक्शन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावलं. टेबलावर ओएनटी, लॅपटॉप जोडलेला, मायक्रोटिक राउटरवर पीपीपीओई, म्हणजे युजरनेम देऊन लॉगिन. शंभरचा प्लॅन. सेशन जोडलं गेलं, आयपी मिळाला, आणि साधं पान उघडेना. स्पीड टेस्टचं पानच अर्ध्यात लटकलं. मायक्रोटिकवर वेगमर्यादेची रांग बघितली: १००के/१००के, म्हणजे फक्त १०० केबीपीएस.

कॅटलॉगमध्ये वेग "१००", एकक एमबीपीएस, असं भरलं होतं. सर्व्हिस ऑर्डरमध्ये जाताना फक्त "१००" गेलं. व्ही४ मध्ये ऑर्डरवरच्या कॅरॅक्टरिस्टिकला (वेगासारख्या गुणधर्माच्या नोंदीला) नाव, प्रकार आणि मूल्य असतं. एकक तिथे नाही, ते स्पेसिफिकेशनमध्ये राहतं. कनेक्शन चालू करणाऱ्या सेवेने गृहीत धरलं की आकडा केबीपीएसमध्ये आहे. दोन्ही सेवा सीटीके पास. दोघींचा जेसन बिनचूक. ग्राहकाला हजारपट कमी वेग.

सीटीके आकार तपासतं, अर्थ तपासत नाही. जे व्हेंडर "आम्ही कम्प्लायंट आहोत" म्हणून बॅज दाखवतात, त्यांच्या बाबतीत हे डोक्यात ठेवा. दोन बॅजवाले एकमेकांशी बोलतील याची हमी कुणी देत नाही. वेगाच्या रकान्याचं नाव एकाकडे "डाउनलोड स्पीड", दुसऱ्याकडे "बँडविड्थ डाउन" असू शकतं, आणि दोघंही प्रमाणाच्या आत.

उपाय: सुरू होताना सेवा टीएमएफ६३३ मधून स्पेसिफिकेशन वाचते, एकक माहीत नसेल तर ऑर्डर नाकारते. शिवाय आमचा स्वतःचा शब्दकोश केला: कॅरॅक्टरिस्टिकचं नाव, प्रकार, एकक, कोण लिहितो, कोण वाचतो. दोन पानांची तक्ताफाइल आहे, पण सगळ्या कामात हीच जपून ठेवण्यासारखी.

दुरुस्तीनंतर ५० अपलोड आणि १०० डाउनलोडचा प्लॅन उलटा लागला. मायक्रोटिकच्या रेट-लिमिटमध्ये पहिला आकडा राउटरच्या नजरेतून आत येणारा, म्हणजे ग्राहकाचा अपलोड. हे टीएमएफचं नाही, आमचं. पण दोन्ही वेग सारखे असलेल्या प्लॅनवर तपासलं तर ते कधीच सापडत नाही.

१८ नोव्हेंबर

मुदत संपल्यावर काय होतं ते बसवायला घेतलं. आम्ही सेशन तोडत नाही, ग्राहकाला रिन्यूच्या पानावर वळवतो. म्हणजे नेटवर्कच्या दृष्टीने तो जोडलेला, धंद्याच्या दृष्टीने बंद. प्रॉडक्टला "सस्पेंडेड" ही स्थिती आहे. सर्व्हिसच्या यादीत व्ही४ मध्ये ती नाही: फिजिबिलिटी चेक्ड, डिझाइन्ड, रिझर्व्ह्ड, इनअ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्टिव्ह, टर्मिनेटेड. "इनअ‍ॅक्टिव्ह" केलं तर देखरेखीच्या स्क्रीनवर निम्मं गाव बंद दिसतं आणि रात्री कुणीतरी उगाच ओएलटी (गावाचे फायबर जिथे जोडतात ते यंत्र) तपासायला पळतो. शेवटी सर्व्हिस "अ‍ॅक्टिव्ह", "सर्व्हिस एनेबल्ड" हा रकाना "नाही", आणि सोबत आमचं एक कॅरॅक्टरिस्टिक. शब्दकोशात नोंद.

मग प्लॅन बदलून बघितला. सर्व्हिसवर पॅच, म्हणजे थोडाच भाग बदलायची विनंती, पाठवला, फक्त नवा वेग. वेग बदलला आणि ग्राहकाचं व्हीलॅन (नेटवर्कमधल्या त्याच्या गटाचा क्रमांक) आणि पीपीपीओई युजरनेम गायब. टीएमएफ पॅचसाठी मर्ज पॅच वापरतं, आणि मर्ज पॅचमध्ये यादी आली की सगळी यादी बदलते, यादीतला एक घटक नाही. कॅरॅक्टरिस्टिक ही यादीच आहे. आता आधी वाचतो, बदलतो, पूर्ण यादी परत पाठवतो, आणि मधल्या काळात दुसऱ्याने बदललं नाही ना ते तपासतो.

वेग इन्व्हेंटरीत बदलला तरी चालू सेशनवर लागत नव्हता. रेडियसचा सीओए (चालू सेशन बदलायचा) संदेश ३७९९ पोर्टवर येतो, तो फायरवॉलने अडवला होता. उघडला, लागला.

२१ नोव्हेंबर

इव्हेंट. "हब" वर आपला पत्ता नोंदवायचा, ऑर्डरची स्थिती बदलली की त्या पत्त्यावर सूचना येते. नेटवर्कवाल्या दादाने मुद्दाम अ‍ॅपची सेवा बंद केली, दोन-चार ऑर्डर टाकल्या, परत चालू केली. त्या ऑर्डरच्या सूचना आल्याच नाहीत. परत पाठवायचं की नाही हे ज्याने बनवलं त्याच्यावर आहे. आमच्या कोडात ते नव्हतं. शिवाय "कम्प्लीटेड" आधी आणि "इन प्रोग्रेस" नंतर असंही एकदा पोहोचलं, आणि अ‍ॅपमध्ये झालेली ऑर्डर मागे गेली.

मध्ये रॅबिटएमक्यू, म्हणजे संदेश पोहोचेपर्यंत रांगेत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवलं, इव्हेंटची वेळ बघून जुनी सूचना टाकून देतो, आणि रोज पहाटे ऑर्डर आणि इन्व्हेंटरी यांचा ताळा लावणारा एक छोटा प्रोग्राम. ताळ्याशिवाय हे चालवू नये.

२६ नोव्हेंबर

काकांचा ताळा जमेना, प्रत्येक बिलामागे अठरा पैसे. ४९९ अधिक अठरा टक्के जीएसटी म्हणजे ५८८.८२. ऑर्डरमधला करासहित रकमेचा रकाना तेवढाच धरतो, जुनं बिलिंग पूर्ण रुपयात ५८९ करतं, आणि आप्पा ग्राहकाकडून ५९० घेतात. प्रमाण पूर्णांकाबद्दल काही बोलत नाही, बोलायला हवं असंही नाही. ठरलं ते असं: एपीआयमध्ये पैसे दोन दशांशापर्यंत, वॉलेटमध्ये पूर्णांक पैशांत साठवायचे, आणि रुपयाला गोल करायचं काम एकाच जागी, बिल बनताना. आप्पांचा वरचा रुपया त्यांचा.

२ डिसेंबर

कॅनव्हास बंद केला. अपग्रेड करून बघितला होता. सीआरडीची, म्हणजे कंपोनंटच्या फाइलच्या ठरलेल्या साच्याची, आवृत्ती बदलली आणि जुन्या कंपोनंटची यामल परत लिहावी लागली. ते करायला माणूस नाही आमच्याकडे. सेवा साध्या कंटेनरमध्ये दुसऱ्या व्हीएमवर हलवल्या, पुढे बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारी एक रिव्हर्स प्रॉक्सी, बस. हलवताना एकच गोष्ट तुटली: उत्तरातल्या "एचरेफ" (दुव्याच्या) रकान्यात क्लस्टरच्या आतली नावं जात होती, बाहेरून ती ४०४, म्हणजे सापडत नव्हती. पत्ता कॉन्फिगरेशनमधून घेतला.

मोठ्या कंपन्यांनी काय करावं हे मी सांगणार नाही. आमच्या आकाराला एपीआय घ्यावेत आणि त्यांच्याभोवतीची यंत्रणा सोडावी, असं माझं मत झालंय.

९ डिसेंबर

व्हेंडरांशी बैठका. "ओपन एपीआय आहेत का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, म्हणून तो विचारणंच सोडलं. त्याऐवजी: कुठला एपीआय, कुठली आवृत्ती, सीटीकेचा रिपोर्ट दाखवा. एकाकडे सात सांगून दोनच निघाले. दुसऱ्याकडे बरेच होते, पण फक्त वाचण्यापुरते; ऑर्डर टाकायला त्यांचं स्वतःचं वेगळं दार. तिसऱ्याने आमचा शब्दकोश मागून घेतला आणि दोन दिवसांनी प्रश्न पाठवले. त्याच्याशी पुढे बोलतोय.

करारात घालायला दिलेलं: ६२०, ६२२, ६४१, ६३८ वर लिहायची आणि वाचायची दोन्ही सोय, शब्दकोश हा कराराचा भाग, त्यात बदल दोघांच्या सहीने, तोच एक्सटर्नल आयडी परत आला तर दुसरी ऑर्डर नको, इव्हेंट पोहोचेपर्यंत परत पाठवणं, आणि करार संपल्यावर सगळा डेटा याच एपीआयमधून, त्याच आकारात. या शेवटच्या अटीवर सगळ्यांनीच "बघतो" म्हटलंय.

खर्च रॅमचा, बाकी दोन माणसांचा वेळ. वेळेतला मोठा भाग कॅटलॉग आणि एलसीओच्या मॉडेलवर गेला, आणि तो गेलाच असता, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी.

जानेवारीत रेडियसचं चालू-बंद आधी बाहेर काढणार, एका ओएलटीपुरतं. त्यानंतर ऑर्डर. वॉलेटला मार्चअखेरपर्यंत हात लावायचा नाही, असं काकांनी बजावलंय; आर्थिक वर्ष संपताना त्यांना दोन ठिकाणी वॉलेट नकोत. जुन्या व्हेंडरकडून त्यासाठी तीन महिन्यांची मुदतवाढ मागितली आहे.